फी सगळ्यांची वाढते, दार मात्र आमचंच बंद होतं

देशातल्या कुठल्याही विद्यापीठात फीवाढीविरोधात मुलं रस्त्यावर उतरली की दोन दिवसांत एक शहाणा सूर ऐकू येतो. "ज्यांना परवडतं त्यांनी भरावी, ज्यांना परवडत नाही त्यांना सवलत द्यावी. यात एवढा गोंधळ घालण्यासारखं काय आहे?" टीव्हीवरचा तज्ज्ञ हेच म्हणतो, कुलगुरू हेच म्हणतात. आणि आता वस्तीतून वर आलेला, शहरात फ्लॅट घेऊन स्थिरावलेला आपलाच बांधव जयंतीच्या वर्गणीला आल्यावर हेच म्हणतो. वर जोडतो, "आपल्या पोरांना तर स्कॉलरशिप आहेच की."

मला या एका वाक्याशी भांडायचं आहे. कारण फी वाढवायची आणि गरजूंना सवलत द्यायची, हे सूत्र म्हणजे संविधानाच्या एकाही कलमाला हात न लावता आरक्षण कापण्याची सगळ्यात सोयीची रीत आहे. आरक्षण जागा देतं, फी ती जागा काढून घेते. आणि यावर कोर्टात दाद मागता येत नाही, कारण कुणी कुणाला जात विचारून बाहेर काढलेलं नसतं. पोरगं "स्वतःहून" शिक्षण सोडतं.

जेएनयूचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांनी पाहिलं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर तिथं वसतिगृहाची नवी नियमावली आली. एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० आणि दोघांच्या खोलीचं १० वरून ३०० होणार होतं. शिवाय महिना १,७०० रुपये सेवाशुल्क, जे आधी नव्हतंच. वीज-पाणी वेगळं, मेस वेगळी. मुलं रस्त्यावर आली, ११ नोव्हेंबरला पदवीदान समारंभाबाहेर आणि १८ नोव्हेंबरला संसदेच्या वाटेवर पोलिसांना सामोरी गेली. तेव्हा चॅनेलवाल्यांनी "वीस रुपयांत दिल्लीत खोली" म्हणून टिंगल केली. त्या टिंगलीत एक हिशेब कुणी दाखवला नाही. जेएनयूच्याच २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार तिथल्या जवळजवळ ४० टक्के विद्यार्थ्यांच्या घरचं उत्पन्न महिना १२,००० रुपयांच्या आत होतं. दोघांच्या खोलीतल्या मुलानं भाडं आणि सेवाशुल्क मिळून २,००० रुपये द्यायचे, म्हणजे अख्ख्या घराच्या कमाईचा सहावा हिस्सा. आणि तोही ताटात भाकरी पडायच्या आधी.

आंदोलन तापल्यावर सरकारनं काय दिलं? सवलत! दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना काही आकारात निम्मी सूट. म्हणजे वाढ कायम, फक्त दारावर एक खिडकी. त्या खिडकीतून आत यायचं तर आधी आपण दरिद्री आहोत हे कागदावर सिद्ध करा. ज्यांचा बाप दुसऱ्याच्या शेतात राबतो, पण ज्यांचं नाव कधीकाळच्या दारिद्र्यरेषेच्या यादीत चढलंच नाही, अशी घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांनी कुठं जायचं? पुढं जानेवारी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं जुन्या दरानं नोंदणी करू द्या असा अंतरिम आदेश दिला. तो आदेश मुलांनी थंडीत रस्त्यावर काढलेल्या दिवसांचं फळ होता.

पण जेएनयूच्या आधी एक आंदोलन झालं होतं. त्याची आठवण देशाला कमी आहे, आपल्याला मात्र असायला हवी. २१ फेब्रुवारी २०१८ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मुद्दा साधा होता. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांकडून संस्था आधी फी, वसतिगृह आणि जेवणाचे पैसे घेत नव्हती, सरकारकडून परस्पर वसूल करत होती. ओबीसी मुलांची ही सोय २०१५ मध्ये गेली. मग २०१७ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना सांगण्यात आलं की वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे आता तुम्ही भरा, स्कॉलरशिप आली की तुमची तुम्हाला मिळेल.

हे नीट वाचा. आरक्षण होतं तसंच राहिलं, शिष्यवृत्तीही होती तशीच राहिली. बदलला फक्त पैसे कुणी आधी टाकायचे याचा क्रम. आणि तेवढ्यानं काम झालं, कारण आधी टाकायला पैसे असणं हाच तर या देशात जातीचा अर्थ आहे. सवर्ण घरात आजोबांची जमीन असते, मामाची नोकरी असते, बँकेत ओळख असते. आमच्या घरात आधी टाकायला असतात ते आईच्या कानातले डूल किंवा मुकादमाची उचल. तुळजापूरच्या कॅम्पसभोवतीचा मराठवाडा उचल म्हणजे काय हे चांगलं जाणतो. तिथं ऊसतोडीला जाणारं घर वर्षाच्या सुरुवातीलाच पुढच्या मजुरीवर कर्ज घेतं. त्या घरच्या पोरीला "आधी भर, मग मिळेल" सांगणं म्हणजे तिला मुकादमाच्या दारात उभं करणं.

यात सवलतीचा पहिला खोटेपणा उघडा पडतो. फीची तारीख ठरलेली असते, सवलतीची नसते. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी जिल्ह्याच्या गावात बी.ए. करत होतो तेव्हा माझी स्कॉलरशिप मंजूर होती, पण जमा झाली नव्हती. कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूनं सांगितलं, पैसे भर आणि मार्कशीट ने. पुढच्या प्रवेशाला चार दिवस होते. आईनं बचत गटातून कर्ज उचललं. स्कॉलरशिप आली तेव्हा मी पुढच्या वर्गाचं अर्धं वर्ष संपवलं होतं, आणि त्या रकमेतून व्याज फेडलेलं सरकारच्या कुठल्याच कागदावर दिसत नाही. माझ्यासोबतच्या ज्यांच्या आईला गटात कर्ज मिळालं नाही, ती मुलं त्या वर्षी मागं राहिली. त्यातली काही परत आली, काही आली नाहीत.

हे एका कॉलेजचं किंवा एका राज्याचं नाही. पंजाबात सरकारी पैसे थकले म्हणून खासगी कॉलेजांनी दलित मुलांच्या पदव्या आणि गुणपत्रिका अडकवून ठेवल्या. तेलंगणात फी परत करण्याच्या योजनेची थकबाकी वर्षानुवर्षं साचत गेली आणि कॉलेजं मुलांच्या मागं लागली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी जाहीर केले, केंद्र आणि राज्यांचा वाटा ६०-४० ठरवला. चांगलं झालं. पण तो निर्णय का घ्यावा लागला? कारण त्याआधीची काही वर्षं केंद्रानं आपला भार राज्यांवर ढकलला होता आणि राज्यांनी तो मुलांवर. १९४४ पासून, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असल्यापासून, चालत आलेली ही शिष्यवृत्ती. तिची ही अवस्था.

सवलतीचा दुसरा खोटेपणा तिच्या उत्पन्नमर्यादेत आहे. केंद्राच्या या शिष्यवृत्तीसाठी आई-बापाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. महिन्याला साधारण एकवीस हजार. दोघं नवरा-बायको रोजंदारीवर जात असतील, तर थोड्या बऱ्या वर्षी ते या रेषेच्या वर जातात. आणि जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून ज्यांना "आर्थिकदृष्ट्या दुर्बल" म्हणून दहा टक्के आरक्षण दिलं, त्यांची मर्यादा किती? आठ लाख. त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी बसतच नाहीत. म्हणजे एकाच देशात आठ लाख कमावणारा सवर्ण गरीब आहे आणि तीन लाख कमावणारा महार, मांग, चांभार या शिष्यवृत्तीपुरता श्रीमंत आहे. कोण गरीब हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे ते या दोन आकड्यांवरून कळतं. मग "गरजूंना सवलत देऊ" या आश्वासनावर आम्ही का विसंबायचं?

तिसरी गोष्ट. सवलत मुख्य फीवर असते, दरवाजा उघडण्याच्या पैशांवर नसते. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना शिकवणी फी माफ आहे. पण २०२१ मध्ये एका दलित मुलाची आयआयटी मुंबईतली जागा गेली, कारण बहिणीकडून उसने पैसे घेऊनही कार्डाचा व्यवहार वेळेत पूर्ण झाला नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा गेली, कारण जागा स्वीकारण्यासाठी लागणारे १७,५०० रुपये गोळा करता करता पोर्टल बंद झालं. दोघांनाही जागा मिळवण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं आणि न्यायालयाला कलम १४२ चे विशेष अधिकार वापरावे लागले. या निकालांच्या बातम्या आपण आनंदानं एकमेकांना पाठवल्या. मला त्या वाचताना एकच प्रश्न पडला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोन पोहोचले. जे पोहोचले नाहीत त्यांना कोण मोजतं?

आता "करदात्यांचा पैसा" या युक्तिवादाकडे येऊ. आम्ही कर भरायचा आणि यांनी घोषणा द्यायच्या, असं म्हणणाऱ्या मंडळींना महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच उत्तर देऊन ठेवलं आहे. हंटर कमिशनपुढच्या निवेदनात जोतीरावांनी दाखवून दिलं होतं की सरकारी तिजोरी भरते ती शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून आणि तिचा लाभ घेतात वरचे वर्ग. त्याच निवेदनात त्यांनी सरकारनं शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेण्याला विरोध केला होता, आणि निव्वळ स्पर्धेवर वाटलेल्या शिष्यवृत्त्या मागं राहिलेल्या वर्गांपर्यंत पोहोचत नाहीत हेही सांगितलं होतं. आज काय बदललं? काडेपेटी, साबण, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, प्रत्येक खरेदीवर आमची माणसं कर भरतात. सफाई कामगार भरतो, वीटभट्टीवरची बाई भरते. करदाता म्हणजे फक्त आयकराचा फॉर्म भरणारा, ही व्याख्याच मुळात ब्राह्मणी आहे. मेहनत करणाऱ्याला हिशेबातून वगळायचं आणि हिशेब लिहिणाऱ्याला मालक ठरवायचं.

बाबासाहेबांनी तर फीचा प्रश्न थेट घेतला होता. १२ मार्च १९२७ ला मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडे मांडले. कला महाविद्यालयांच्या खर्चातला ३६ टक्के आणि हायस्कुलांच्या खर्चातला ३१ टक्के भाग फीमधून उभा राहतो, हा शिक्षणाचा व्यापार आहे असं त्यांनी सुनावलं. शिक्षण खातं हे देण्याघेण्याच्या सौद्यावर चालवायचं खातं नव्हे, खालचे वर्ग आत्ता कुठं वरच्या शिक्षणाच्या उंबऱ्यावर येत आहेत तेव्हा शिक्षण होईल तितकं स्वस्त करा, ही त्यांची मागणी होती. तारीख पुन्हा बघा. त्यानंतर आठव्या दिवशी, २० मार्चला, महाडचं चवदार तळं झालं. पाण्याचा हक्क आणि स्वस्त शिक्षणाचा हक्क एकाच माणसानं एकाच महिन्यात मागितला. आपण दरवर्षी महाडला जातो. १२ मार्चचं भाषण मात्र आपल्या किती घरांत वाचलं जातं?

आणि सवलतीला मुदत असते हे बाबासाहेबांइतकं कुणाला ठाऊक होतं? सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये तिची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. परत जायला तीन वर्षं लागली. स्वतःची बचत, मित्राकडून घेतलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत जमवून ते १९२० मध्ये लंडनला पोहोचले. एवढ्या बुद्धीच्या माणसाला राजाची मेहरबानी संपल्यावर थांबावं लागलं. म्हणूनच पुढं त्यांनी स्वस्त शिक्षणाची आणि सरकारी शिष्यवृत्तीची मागणी हक्क म्हणून केली.

मग ही वाढ येते कुठून? प्रत्येक वेळी ती अचानक आल्यासारखी दाखवतात. १९९३ च्या पुन्नय्या समितीनं सांगितलं होतं की केंद्रीय विद्यापीठांनी आपल्या चालू खर्चाचा १५ टक्के आणि पुढं २५ टक्के भाग स्वतः उभा करावा. २००० मध्ये शिक्षणसुधारणेचा अहवाल सरकारनं कुणाकडून लिहून घेतला? मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांच्याकडून. जो वापरेल तो पैसे देईल, हा त्याचा सूर. २०१७ मध्ये उच्च शिक्षण वित्त संस्था, म्हणजे हेफा, आली आणि इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाच्या जागी कर्ज सुरू झालं. त्याचं मुद्दल कुठं पूर्ण, कुठं काही अंशी संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचं. विद्यापीठाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे काय हो? विद्यापीठ काही ऊस पिकवत नाही. ते उत्पन्न म्हणजे तुमच्या पोराची फी.

याच काळात आणखी काय घडत होतं ते शेजारी ठेवून बघा. २००८ मध्ये केंद्रीय संस्थांत ओबीसी आरक्षण लागू झालं. त्याच वर्षी आयआयटीची वार्षिक शिकवणी फी २५,००० वरून ५०,००० झाली, २०१३ मध्ये ९०,००० आणि २०१६ मध्ये दोन लाख. हा निर्णय ओबीसींना अडवण्यासाठीच घेतला असं सिद्ध करणारा कागद माझ्याकडं नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. परिणाम पुरेसा बोलका आहे. अलाहाबाद विद्यापीठानं २०२२ मध्ये पदवीची वार्षिक फी ९७५ वरून ४,१५१ रुपये केली, मुलं उपोषणाला बसली. विद्यापीठाचं म्हणणं होतं की शंभर वर्षांत शिकवणी फी वाढलेलीच नाही. बरोबर आहे! त्या शंभर वर्षांतली बरीचशी वर्षं तिथं कुणाची मुलं शिकून कलेक्टर आणि जज्ज झाली? तेव्हा ती स्वस्त फी कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. तेव्हा ती राष्ट्रनिर्मिती होती. आमची पोरं आली आणि तीच फी फुकटेगिरी झाली.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो आपल्यातलेच लोक घेतात. फी सगळ्यांना कमी ठेवली तर सवर्ण श्रीमंताचं पोरही स्वस्तात शिकतं, त्याला का पोसायचं? माझं उत्तर असं आहे. त्याच्या बापाकडून वसूल करा, जरूर करा, पण आयकरातून करा, संपत्तीवर कर लावून करा. कॉलेजच्या दारात वसुली सुरू केली की ती श्रीमंताला टोचतही नाही आणि आमचं पोरगं मात्र दारातच अडखळतं. शिवाय सगळ्यांची फी कमी असेल तर ती वाढवताना सरकारला सगळ्यांशी भांडावं लागतं. आमच्यापुरती सवलत असेल तर ती काढायला एक परिपत्रक पुरतं. टिसमध्ये तेच झालं. आणि ज्या दिवशी वर्गात फी भरणारे आणि न भरणारे असे दोन गट पडतात, त्या दिवशी सूचनाफलकावरची यादी जातीची यादी होते. "आमच्या पैशांवर शिकतात" हे वाक्य आमच्या मुलांनी किती वसतिगृहांत ऐकलं आहे ते त्यांना विचारा.

याचा अर्थ शिष्यवृत्त्या सोडा असा नाही. ज्याच्या घरी महिन्याला पैसे पाठवायचे असतात, त्याला फी शून्य झाली तरी पुरत नाही. शिष्यवृत्ती जगायला हवी, फी भरायला नको. रोहित वेमुलाची महिना पंचवीस हजारांची फेलोशिप २०१५ च्या जुलैपासून अडकली होती. तो गेला तेव्हा सात महिन्यांचे पावणेदोन लाख येणं होतं. ते त्याच्या घराचं जगणं होतं.

शेवटी आंदोलनाबद्दल. आंदोलनाचीही एक फी असते आणि तीही सगळ्यांना सारखी नसते. घोषणा एकाच असतात, पण एफआयआर झाला तर एकाचं परदेशातलं ॲडमिशन लांबतं आणि दुसऱ्याच्या घरातली पहिली सरकारी नोकरी जाते. टिसनं २०२४ मध्ये एका दलित संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये कमी केली, पण गेलेलं वर्ष परत मिळत नाही. म्हणून डाव्या-पुरोगामी संघटनांना माझं सांगणं आहे की फीवाढीच्या आंदोलनात "गरीब विद्यार्थी" असं गुळमुळीत बोलू नका. जातीचं नाव घ्या. आमची पोरं लाठी खायला पुढं आणि वाटाघाटीला मागं, हे बंद करा. थकलेली शिष्यवृत्ती ही मागणीपत्रात शेवटी चिकटवायची ओळ नाही, ती पहिली मागणी आहे.

आणि आपल्या बांधवांना सांगणं आहे की फीवाढीचं आंदोलन हे जेएनयूवाल्यांचं, कॉम्रेड लोकांचं म्हणून सोडू नका. आरक्षण वाचवायला आपण लाखोंनी रस्त्यावर येतो. फी हा त्याच आरक्षणाचा दरवाजा आहे. मागण्या सरळ आहेत. सरकारी विद्यापीठांत फीवाढ नको, हेफाच्या कर्जाऐवजी अनुदान द्या. शिष्यवृत्ती येईपर्यंत कुठल्याही मुलाकडून एक रुपया मागू नका, त्याची मार्कशीट अडवू नका. उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवरून किमान तेवढी तरी करा, जेवढी तुम्ही सवर्णांच्या गरिबीला दिली आहे.

यंदा प्रवेशाच्या हंगामात आपापल्या गावातल्या कॉलेजच्या खिडकीशी दोन तास उभे राहा. कोण पैसे भरून आत जातं आणि कोण "उद्या येतो" म्हणून परत फिरतं ते बघा. परत फिरणाऱ्यांची नावं आणि गावं लिहून घ्या, त्यांच्यासोबत आत जा आणि प्राचार्यांना लेखी उत्तर मागा. आंदोलन दिल्लीतच सुरू व्हायला हवं असं नाही.

जयभीम!